दार लावणारा शिष्य

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

एकेचाळीस वेळा! आज मोजलं. लियांगच्या गॅरेजमध्ये पाऊण तास प्रॅक्टिस केली आणि त्यात मी एकेचाळीस वेळा 'हं' म्हणालो, नऊ वेळा 'असं होय?' आणि तीन वेळा 'अरे देवा!'. बाकी सगळं लियांग बोलला. आठ वर्षं हेच चाललंय. टेबलाच्या पुढे तो, टेबलाच्या मागे मी. तो थापा मारणार, माझ्या बापाचा उद्धार करणार, माझ्या बायकोवर घसरणार, आणि मी मान डोलावून हुंकार देणार. शियांगशेंग या चिनी विनोदी जुगलबंदीची पद्धतच ती. दोन माणसं, एक टेबल, एक पंखा. पुढचा फेकतो, मागचा झेलतो. जाणकार म्हणतात, खरी कला मागच्याची. जाणकारांना म्हणावं, मग आठ वर्षं मागे उभे राहून दाखवा!

निघताना लियांगने बातमी दिली, सहज, पंखा मिटता मिटता. फान गुरुजी येताहेत. तिआनजिनचे फान गुरुजी! इथे टेक्सासला, प्लेनोच्या लेकीकडे, दोन-अडीच महिने. चिनी नव्या वर्षाच्या कार्यक्रमात शेवटचं उभं राहणार आणि त्याच दिवशी शेवटचा शिष्य घेणार. दार लावणारा शिष्य म्हणतात त्याला. तो आत आला की गुरूने दार लावायचं, मग बाहेर कोणीही उभा राहो.

लियांग म्हणाला, "एकच घेणार. तू किंवा मी."

दोघेही बिनगुरूचे. या धंद्यात बिनगुरूचा म्हणजे कितीही हसवलं तरी उपराच.

१२ नोव्हेंबर

ऑफिसचं एक काम उघडलं नाही. दिवसभर गुरुजी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अर्विंगला मराठी मंडळाची दिवाळी. उशिराची, पण हॉल तेव्हाच मिळाला. सूत्रसंचालन करणाऱ्या देवांगने स्टेजवरून सांगितलं, "आपल्यातले परीक्षित सर चायनीजमध्ये स्टँडअप करतात, यार! बिग राउंड ऑफ अप्लॉज!" टाळ्या पडल्या. स्टँडअप नाही, पण कोणाला समजावणार?

जेवणाच्या रांगेत सुमित्रा काकूंनी पकडलं. "अरे, चायनीजमध्ये गोबी मंचुरियन मागवून दाखव ना! रेकॉर्ड करते, बहिणीला पाठवते." मागवून दाखवलं. चीनमध्ये गोबी मंचुरियन नावाचा पदार्थच नाही हे सांगितलं नाही. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून दिली.

गाडीत रत्नाने बायकोच्या हक्काने समजावलं, "एवढं मनावर नको घेऊस रे. कौतुकच करत होत्या."

कौतुक! इकडे आपली माणसं मी चिनी बोलतो म्हणून हसतात, तिकडे चिनी माणसंही मी चिनी बोलतो म्हणूनच हसतात. तोंड उघडलं की हशा. अजून विनोद तिथपर्यंत पोहोचलेलाही नसतो. मागच्या वर्षी इशिता पहिल्यांदा कार्यक्रमाला आली होती. पंधरा वर्षांची पोर, एक शब्द कळत नव्हता तिला. पण बाहेर पडताना म्हणाली, "बाबा, दे लाफ बिफोर द जोक." तेवढं तिला बरोबर कळलं.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

सुट्टी. बाबांचा नागपूरहून फोन. शेजारी कोणी बसलं असावं, कारण मोठ्याने म्हणाले, "हं, बोला डॉक्टर!" तिआनजिनहून एमबीबीएस करून आलो, ती डिग्री आपल्याकडे चालावी म्हणून परीक्षा तीनदा दिली, तीनदा आपटलो. आता हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण बाबांच्या गल्लीत मी अजून डॉक्टर आहे.

खरं शिक्षण तिआनजिनच्या चहाघरात झालं. दर शनिवारी, मागच्या बाकावर. फान गुरुजी तेव्हा साठीचे असतील. काळा झगा, पंखा, लाकडाचा ठोकळा टेबलावर आपटायचे आणि सुरू. शेवटी त्यांची स्वतः रचलेली 'सासऱ्याची नाडी'. एक भोंदू वैद्य स्वतःच्या सासऱ्याची नाडी बघतो आणि घाबरून एका दमात एकशे आठ औषधांची नावं सांगून टाकतो. मी ऐकत बसायचो. लेक्चरला झोपायचो आणि इथे कान टवकारून! पाच वर्षांत अख्खी पाठ झाली. कोणी शिकवली नाही. कानाने चोरली.

भोंदू डॉक्टरचं काम मला जमणारच. दुसऱ्या कुणाला जमणार?

२१ डिसेंबर, शनिवार

भेटले! लेकीच्या घरी, गुडघ्यावर शाल, शेजारी दम्याचा पंप. एकोणऐंशी वर्षांचे. लियांगने वाकून नमस्कार केला, मीही केला. मग लियांगने माझी ओळख करून दिली, नेहमीसारखी: "हा आमचा भारतीय." मी दोन वाक्यं बोललो.

गुरुजी हसले नाहीत.

बावीस वर्षांत हा पहिला चिनी माणूस, जो माझं चिनी ऐकून हसला नाही. गुडघ्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाले, "दोघं पाच मिनिटं करून दाखवा." केलं. लियांग सुटला होता अगदी, मी झेलत होतो. संपल्यावर गुरुजी लियांगशी काहीच बोलले नाहीत. मला म्हणाले, "तुझा हुंकार फार लवकर येतो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत. तुला ऐकायचं नाहीये, तुला बोलायचंय."

आठ वर्षांत रत्नालासुद्धा हे कळलं नव्हतं. या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसायचं नाटक केलं.

परत येताना लियांग गाडी चालवत होता. आमच्या फ्रिस्कोपर्यंत रेडिओ लावला नाही, पार्किंगमध्ये एवढंच म्हणाला, "तुझ्याशी बोलले ते." मला बरं वाटलं. त्याला टोचलं म्हणून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२ जानेवारी २०२५

हा शिष्य मीच होणार. मीच झालो पाहिजे. सेहेचाळीस वर्षांत कुठल्याच दारातून धड आत गेलो नाही.

११ जानेवारी, शनिवार

लियांगचा फोन. कार्यक्रम ठरला: १ फेब्रुवारी, शाळेचा हॉल. सुरुवातीला दहा मिनिटं एकट्याने उभं राहायचं असतं, लोक खुर्च्यांवर बसेपर्यंत. ती दहा मिनिटं लियांगची होती.

म्हणाला, "ती तू घे. 'सासऱ्याची नाडी' कर."

मी म्हटलं, "वेडा झालास? त्यांची आहे ती."

"त्यांना आता दम पुरत नाही. शेवटी ते हल्ली 'घोडेबाजार'च करतात. त्यांची लेकही तेच म्हणाली. तू कर. ऐकतील तर खूश होतील."

मी लगेच हो म्हटलं. विचार करायला वेळ मागावा, एवढीही लाज राहिली नाही.

धंद्याचा एक नियम आहे, बाकी सगळे मोडले तरी हा मोडत नाहीत. आपल्यानंतर जो उभा राहणार, त्याच्या सामानाला आधीच्याने हात लावायचा नाही. एक ओळसुद्धा नाही. लावला तर त्याला 'उकरणं' म्हणतात. दुसऱ्याने पुरून ठेवलेलं आधीच उकरून लोकांना दाखवलंस, आता तो बिचारा काय काढणार? मारामाऱ्या झाल्यात यावरून. म्हणून शेवटचा माणूस काय करणार याची यादी त्याच दिवशी, कार्यक्रमाआधी, विंगेत लावतात. पण गुरुजी 'घोडेबाजार' करणार. मग काय प्रश्न आहे!

२१ जानेवारी

सकाळी इशिताला शाळेत सोडताना गाडीत औषधं म्हणतो. ती फोनवर वेळ लावते. आज त्रेपन्न सेकंद, एकशे आठ औषधं. ज्येष्ठमधानंतर चोरून श्वास घ्यायचा, कोणाला दिसता कामा नये. गुरुजी तिथेच घ्यायचे. पोरगी म्हणाली, "बाबा, यू आर स्केअरिंग द क्रॉसिंग गार्ड." पण हसली. माझ्यावर नाही, माझ्याबरोबर.

२६ जानेवारी, रविवार

रत्नाने झग्याला इस्त्री केली. म्हणाली, "चेहरा बघ कसा झालाय तुझा. लग्नात एवढा खूश नव्हतास."

१ फेब्रुवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

साडेसहाला स्टेजवर गेलो. एकटा. टेबलाच्या मागे नाही, पुढे. तोंड उघडलं आणि हशा. नेहमीचाच, तो भारतीय बोलतोय बघा वगैरे. उठू दिला. मग वैद्य सासऱ्याच्या घरी आला, नाडी धरली, आणि दोन मिनिटांत हॉल शांत झाला. ऐकायला लागले! मग हसले, पण बरोबर जागी. विनोद आला आणि मग हशा आला. औषधांना लागलो. ज्येष्ठमध, चोरटा श्वास, पुढे. शेवटचं औषध पडलं तेव्हा चारशे माणसं उभी होती. कोणीतरी जुन्या पद्धतीने एकच शब्द ओरडलं: "वा!" बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते दहा मिनिटांत मिळालं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं.

विंगेत आलो. कोणी माझ्याकडे बघेना. गुरुजी झगा घालून उभे, पंखा हातात. नुसते उभे. भिंतीवर, पाण्याच्या नळाशेजारी, निळ्या टेपने यादी लावलेली. सगळ्यात खाली, त्यांच्याच हातचं: फान — 'सासऱ्याची नाडी'.

तेव्हा पाहिली मी ती.

शेवटचा कार्यक्रम म्हणून म्हाताऱ्याने ठरवलं होतं. दम्याचा पंप मारून ठरवलं होतं. आता काय करणार? 'घोडेबाजार' केला. दोनदा अडकले. सहा मिनिटांत संपवलं. लोकांनी वयाला टाळ्या दिल्या. विंगेत येऊन खुर्चीत बसले आणि विचारलं, "याला 'नाडी' करायला कोणी सांगितलं?"

लियांग पुढे झाला. म्हणाला, "मी."

"तू?"

"मी सांगितलं. चूक माझी."

गुरुजींनी हात हलवला. शिष्य कोणीच नाही. शिष्याने गुडघे टेकायची लाल उशी गुंडाळून परत गाडीत गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

कळलं सगळं. आता कळलं! आपली दहा मिनिटं कोण सुखासुखी दुसऱ्याला देतो? लियांग देतो? जो माईक चार इंच माझ्याकडे सरकला तर परत ओढून घेतो, तो? गुरुजी माझ्याशी बोलले तेच त्याला खुपलं. केसाने गळा कापला माझा. आणि वर साळसूदपणे "चूक माझी"! म्हणजे मोठेपणाही त्यालाच.

४ फेब्रुवारी

लियांगचे सहा फोन. एकही उचलला नाही.

रत्ना म्हणाली, "त्याला एकदा विचार तरी, असं का केलंस म्हणून."

"काय विचारायचं? गुरुजींसमोर स्वतः कबूल झाला की!"

"म्हणून तर म्हणते. दुष्टपणा करणारा माणूस असा पटकन कबूल होतो?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तिला म्हटलं, तुला या धंद्यातलं काही कळत नाही. ती भांडी जरा जोरात लावायला लागली.

८ फेब्रुवारी, शनिवार

कार्यक्रमाच्या कमिटीच्या हुआंगबाई घरी आल्या, संत्र्यांची पेटी घेऊन. म्हणाल्या, सगळ्यांना फार वाईट वाटतंय. एका परक्या माणसाला लियांगने असं तोंडघशी पाडावं! यापुढे त्याला बोलावणार नाही, ठरलंय. आणि मेमध्ये कार्यक्रम आहे, तर मी पुढे उभा राहीन का? मागे उभा राहायला एक तरुण मुलगा शोधतील.

पुढे! मी!

हो म्हणालो. संत्री गोड आहेत. इशिताने एकही खाल्लं नाही. "लियांग अंकल वॉज ऑलवेज नाइस टू मी," म्हणाली आणि वर गेली. तिच्या वाट्याचं मीच सोललं.

९ फेब्रुवारी

झोप बरी लागली. का लागू नये?

१५ फेब्रुवारी, शनिवार

गुरुजींनी बोलावलं. एकट्याला. गेलो तर खिडकीत उन्हात बसले होते, पंप मांडीवर. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुझी 'नाडी' मी विंगेतून ऐकली. ज्येष्ठमधानंतर श्वास घेतलास. हे मी कोणालाही शिकवलेलं नाही."

मी म्हटलं, "कानाने उचललं. माफ करा."

"चोरी चांगली केलीस," म्हणाले. मग माझ्याकडे सरळ बघून, "एकच विचारतो. यादी पाहिली होतीस?"

मी म्हणालो, नाही. खरंच आहे ते. यादी मी नंतर पाहिली. तसंच लिहिलंय वर.

गुरुजींनी मान डोलावली. "मग दोष सांगणाऱ्याचा. तू माझं उकरलंस, पण उकरणारा हात चांगला आहे. महिन्याअखेर विमान आहे माझं. त्याआधी दार लावून टाकतो."

मला घेणार!

पण तीन साक्षीदार लागतात. एक ओळख करून देणारा, एक गुरूच्या वतीने शिकवणारा, आणि एक जामीन. हा मनुष्य सरळ आहे, असं सगळ्यांसमोर सांगणारा. पहिले दोन गुरुजींनी ह्यूस्टनहून बोलावलेत. जामिनाने मात्र शिष्याला वर्षानुवर्षं जवळून ओळखायला हवं. गुरुजी म्हणाले, "असा एकच आहे. त्याने अपराध केला असेल, पण तुला तोच ओळखतो. जा, विचार त्याला."

१७ फेब्रुवारी

विचारायला गेलो नाही. ऑफिस होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. लियांगचं गॅरेज उघडंच होतं. टेबल पाय दुमडून भिंतीला टेकवलेलं, वर मुलीची सायकल. मी काय बोलायचं ते गाडीत ठरवत आलो होतो, पण गॅरेजच्या दाराशीच उभा राहिलो.

तोच म्हणाला, "कळलं मला. गुरुजींच्या लेकीने सांगितलं. कधी आहे?"

"रविवारी."

"येतो."

एवढंच. रागावला नाही, रडला नाही, आत ये म्हणाला नाही. माझी फारच चिडचिड झाली. माणसाने एक शिवी तरी द्यावी! आठ वर्षं स्टेजवर माझ्या बापाला शिव्या दिल्या, आज एक द्यायला काय झालं होतं?

घरी रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढा वाईट माणूस, आणि लगेच येतो म्हणाला?"

मी जेवलो नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. झगा तोच. रत्नाने इस्त्री केली नाही, मीच केली. बाबांना फोन करून सांगितलं, उद्या मला गुरू मिळतोय. बाबा म्हणाले, "आणखी शिकणार? शाब्बास डॉक्टर!"

२३ फेब्रुवारी, रविवार

लाल उशीवर गुडघे टेकले, तीनदा कपाळ टेकवलं, चहा दिला. गुरुजींनी पंखा दिला, नाव दिलं. दार लागलं.

त्याआधी जामिनाला विचारलं, हा सरळ आहे? याला यादी माहीत नव्हती? लियांग सगळ्यांसमोर म्हणाला, "सरळ आहे. माहीत नव्हती." आणि सही केली.

या वहीतसुद्धा मी खोटं लिहिलं. यादी लावली तेव्हा मी नळावर बाटली भरत होतो. सव्वासहाला. लियांग शेजारी उभा होता. दोघांनी एकदमच वाचली. त्याने माझा हात धरला, म्हणाला, "दुसरं काहीतरी कर. काहीही कर." मी हात सोडवून घेतला.